खताच्या दुकानाचा परवाना बघता, मग वाचा शिकवणाऱ्याचा का नाही?



बियाण्याची पिशवी घेताना आपण काय काय बघतो? लेबल बघतो, लॉट नंबर बघतो, मुदत बघतो, पक्की पावती मागतो. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर परवाना लावलेला आहे की नाही तेही बघावे, असे आम्ही कृषी खात्याची माणसे गावोगाव घसा कोरडा करून सांगत आलो. आता लोक बघतातही. पण घरातले लेकरू अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही म्हणून आपण कुणाकडे तरी नेतो, तेव्हा त्या माणसाचे शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे कितीजण विचारतात? बियाणे फसले तर एक हंगाम जातो. लेकराच्या वाचेचा हंगाम गेला तर तो पुन्हा येत नाही.

हे मी कुणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. चूक माझ्याच घरात झाली आहे, आणि माझ्याच हातून झाली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. मागून हाक मारली तर मान वळवायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा बाप पण चौथ्या वर्षी बोलायला लागला, काही काळजी करू नका." वेखंड उगाळून मधातून चाटवले. देवाला नवस बोलून झाला. शेवटी बहिणीने मला विचारले. माझ्या कचेरीच्या वाटेवर एका गाळ्यावर 'वाचा उपचार केंद्र' अशी पाटी होती. ती रोज दिसायची. मी तोच पत्ता दिला. दुकानांचे परवाने तपासायला जाणारा मी माणूस, पण त्या गाळ्यात जाऊन 'तुमची नोंदणी दाखवा' एवढे म्हणायचे मला सुचले नाही.

त्या गृहस्थाने आठ महिने उपचार केले. जिभेला मालीश करायचा, आरशापुढे बसवून 'अ, आ' म्हणवून घ्यायचा. दर खेपेला पैसे. बहिणीच्या दोन शेळ्या त्यात गेल्या. पोराला ऐकू येते की नाही, हे त्याने एकदाही तपासले नाही. पुढे कळले, तो पूर्वी श्रवणयंत्रे विकणाऱ्या एका दुकानात हाताखाली होता. शिक्षण नाही, नोंदणी नाही.

मग एक दिवस अंगणवाडीत शाळा-अंगणवाडी तपासणीचे आरोग्य पथक आले. त्यातल्या डॉक्टरीण बाईंनी पोराच्या मागे उभे राहून खुळखुळा वाजवला आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. तिथे बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते असे निघाले. तिथल्या वाक् व श्रवण तज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "जिभेला काही झालेलं नाही. ऐकलंच नाही तर बोलणार कसं? आधी कान, मग वाचा." आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? एवढी साधी गोष्ट आठ महिने कुणी सांगितली नव्हती.

सहाय्यक बाईंची वही

श्रवणयंत्रे बसली, पण तेवढ्याने मूल बोलत नाही. यंत्र नुसता आवाज आत पोचवते. त्या आवाजाचा अर्थ मुलाला शिकवावा लागतो, आणि ते काम महिनोन् महिने चालते. जिल्ह्याचे गाव बहिणीच्या घरापासून बासष्ट किलोमीटर, दोन गाड्या बदलून. आठवड्याला एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, आणि नेमकी त्याच दिवशी पाण्याची पाळी आली तर भिजवणेही गेले. चौथ्या महिन्यापासून खेपा चुकू लागल्या. यात बहिणीचा दोष काढायला कुणाची जीभ रेटेल?

तेव्हा त्याच मॅडमनी मार्ग काढला. शेजारच्या तालुक्यात कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत एक पदविकाधारक सहाय्यक बाई आहेत. मॅडमनी त्यांना उपचाराचा आराखडा लिहून दिला. बाई दर शनिवारी मुलाला घेऊन बसत आणि बहिणीलाही शिकवत. भाकरी थापताना बोलत जा, मुलाच्या तोंडासमोर तोंड ठेवून बोला, खूण नंतर करा आणि शब्द आधी म्हणा. काय झाले, काय झाले नाही, ते एका वहीत लिहून महिन्याकाठी मॅडमना दाखवत.

एकदा दाजींनी विचारले, "मशीनचा आवाज जरा वाढवून देता का?" बाई म्हणाल्या, "ते माझ्या अधिकारात नाही दादा. मॅडमना विचारून सांगते." मी शेजारीच बसलो होतो. मला एकदम ओळखीचे वाटले ते वाक्य. शेतकरी मला विचारतो, "साहेब, औषधाचा डोस दुप्पट करू का?" तेव्हा मीही हेच म्हणतो. विद्यापीठाची शिफारस आहे तेवढेच मी सांगू शकतो. त्यापुढचे कृषी विज्ञान केंद्राच्या विषय विशेषज्ञांना विचारावे लागते. मी पदविकाधारक, त्याही पदविकाधारक. आपली हद्द कुठे संपते हे ठाऊक असणे, यातच हाताखालच्या माणसाची अर्धी विद्या असते.

भाचा आता पाच वर्षांचा आहे. मला लांबून बघून 'मामा' म्हणतो. शब्द अजून अडखळतात. त्या आठ महिन्यांचा हिशेब मात्र मी मनातून काढू शकलेलो नाही.

कायदा काय म्हणतो?

पुष्कळांना वाटते की या कामाला कायदाच नाही. कायदा आहे, आणि तो कालचा नाही. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ साली झाला. वाक् व श्रवण तज्ज्ञ, श्रवणयंत्र व कानाचे साचे बनवणारे तंत्रज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बनवणारे असे दिव्यांगांच्या पुनर्वसनाचे काम करणारे बरेच व्यवसाय त्यात येतात. मान्य अभ्यासक्रम करायचा, परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नोंदवायचे आणि मगच काम करायचे, असा तो नियम. नोंदणी नसलेल्याला देशात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, सरकारी किंवा स्थानिक संस्थेत असे पद धरता येत नाही. कायदा झाला तेव्हा त्यात नियम मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिली गेली.

यात पायऱ्या आहेत. वाक् व श्रवण शास्त्राची पदवी चार वर्षांची, त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. आणि सहाय्यकासाठी बारावी विज्ञाननंतर एक वर्षाची श्रवण, भाषा व वाचा पदविका, जिला 'डीएचएलएस' म्हणतात. आपल्या राज्यात मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेने तर ही पदविका दूरचित्र यंत्रणेवरून दुसऱ्या राज्यांतल्या केंद्रांपर्यंत नेली. शिकवणारे म्हैसूरला, हाताने काम शिकणे स्थानिक रुग्णालयात. म्हणजे पोरे-पोरी आपल्या मुलखाजवळ राहून शिकू शकतात, हे सिद्ध झालेले आहे.

पदविकाधारकाने काय करावे? प्राथमिक श्रवण तपासणी करावी, कानाचा साचा घ्यावा, यंत्राची निगा शिकवावी, तज्ज्ञाने ठरवून दिलेला वाचा उपचार करून घ्यावा, नोंदी ठेवाव्यात. काय करू नये? स्वतंत्रपणे रोगनिदान सांगू नये, उपचाराचा आराखडा आपल्या मनाने बदलू नये, 'सहा महिन्यांत बोलेल' अशी हमी देऊ नये.

बाहेरच्या देशांतही साधारण हीच वाट आहे. अमेरिकेत वाचा उपचार सहाय्यकांचे नियम प्रत्येक राज्य आपापले करते. कुठे परवाना लागतो, कुठे नोंदणी. तिथल्या तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली सहाय्यकांसाठी वेगळे प्रमाणपत्र सुरू केले. तिनेही सहाय्यकाची हद्द आखून दिली आहे : निदान करायचे नाही, आराखडा बदलायचा नाही, काम तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

मग अडते कुठे?

कायदा दिल्लीत आणि गाळा तालुक्याच्या बाजारपेठेत, अडते ते इथे. नोंदवही दिल्लीच्या परिषदेकडे. कोर्टात जायचे तर परिषदेने अधिकार दिलेल्या माणसाचीच तक्रार लागते. माझ्या बहिणीसारखी बाई, जी जिल्ह्याला जाताना दोन ठिकाणी गाडी बदलते, ती दिल्लीला काय कळवणार? जिल्ह्यात बोगस डॉक्टर शोधायला समित्या आहेत. त्या इंजेक्शन देणाऱ्याला हुडकतात, पण वाचा उपचाराच्या पाटीकडे कुणी बघत नाही. तिथे सुई नाही, गोळी नाही, कुणी दगावत नाही. नुकसान होते ते गुपचूप.

आमच्या खात्यात हा धडा फार महागात मिळाला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा कुणी कुणाला कोणते मिश्रण सांगितले याची चर्चा राज्यभर झाली. विक्रेत्याला शिक्षणाची अट घालणारी दुरुस्ती त्याच वर्षी झाली होती, आणि जुन्या विक्रेत्यांसाठी पदविकेचे वर्गही चालले. लक्षात घ्या, दुकाने सरसकट बंद केली नाहीत. दुकानदाराला शिकवले आणि नियमात आणले. वाचा उपचारातही हेच हवे.

दुसरी अडचण पदांची. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार आणि बोलण्याचे सुमारे १९ लाख ९८ हजार लोक नोंदले गेले. सर्व प्रकारच्या दिव्यांगांपैकी शंभरात ६९ खेड्यात राहणारे. आणि तज्ज्ञ कुठे? शहरात. २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बधिरता नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी तज्ज्ञ, श्रवण तपासणी सहाय्यक आणि कर्णबधिर मुलांना शिकवणारा निदेशक अशी कंत्राटी माणसे धरली होती. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो तर आपल्याच राज्यात, पालघरला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, म्हणून तर भाच्याचे निदान झाले. पण तपासणी गावात आणि उपचार जिल्ह्याला, मधे तालुक्यात शून्य. पाट मुख्य फाट्यापर्यंत आला आणि चारीच काढली नाही, तर शेवटच्या शेताला पाणी कसे मिळणार?

दोन्ही बाजूंचे म्हणणे

काही तज्ज्ञ मंडळी म्हणतात, पदविकावाल्यांना मोकळीक दिली तर उद्या तेच तज्ज्ञ म्हणून पाट्या लावतील. ही भीती खोटी नाही. वर्षभराच्या शिक्षणावर निदान करू लागले तर माझ्या भाच्यासारखी आणखी पोरे फसतील.

गावातली मंडळी उलट म्हणतात, "साहेब, नियम लावत बसलात तर जो आहे तो पण जाईल. कुणीच नसण्यापेक्षा कुणीतरी बरा." हेही मी ऐकून घेतो. पण माझा अनुभव सांगतो की कुणीतरी बरा नव्हता. कुणीच नसते तर बहीण आठ महिने आधी जिल्ह्याला गेली असती. चुकीचा माणूस नुसता निरुपयोगी नसतो, तो बरोबर माणसाकडे जाणारी वाट अडवून बसतो.

म्हणून नियम हवाच. पण तो बांधासारखा हवा. पाणी हाकलून द्यायला कुणी बांध घालत नाही, ते शेतात जिरावे म्हणून घालतात. सहाय्यकाला बंदी नको. त्याला पद द्या, हद्द द्या आणि वर विचारायला माणूस द्या.

सरकारने काय करावे

पहिले, प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक नोंदणीकृत पदविकाधारक सहाय्यकाचे कायम पद काढावे. कंत्राटी माणूस सहा महिन्यांत निघून जातो, आणि मुलाची ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

दुसरे, तो सहाय्यक जिल्ह्यातल्या कोणत्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आहे हे लेखी ठरवावे. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येऊन वह्या तपासाव्यात. मधल्या काळात मोबाइलवर समोरासमोर बोलता येते, आता ते अवघड राहिलेले नाही.

तिसरे, ठरलेला वार, ठरलेले गाव. आमच्या खात्यातले जुने लोक प्रशिक्षण व भेट योजनेची आठवण काढतात. कोणत्या पंधरवड्यात कोणत्या वारी कृषी कर्मचारी येणार, हे शेतकऱ्याला पाठ असायचे. तसाच फिरता कार्यक्रम अंगणवाड्यांसाठी आखावा. आई दोन गाड्या बदलून उपचाराकडे येते, त्याऐवजी उपचाराने आईच्या गावात यावे.

चौथे, उपचार केंद्राच्या दर्शनी भागावर नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि सहाय्यक असल्यास देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाचे नाव, एवढे मराठीत ठळक लिहिणे सक्तीचे करावे. बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समित्यांनी ही केंद्रेही तपासावीत आणि तक्रार दिल्लीला पोचवायचे काम आपल्याकडे घ्यावे. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. आता 'हा विषय आमच्याकडे नाही' असे म्हणायला जागा राहिलेली नाही.

आणि आपण काय करावे

सरकार करील तेव्हा करील. काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

मूल मागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, वर्षाचे होऊन सव्वा वर्ष झाले तरी एकही शब्द नसेल, दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. आधी कान तपासा. 'बाप उशिरा बोलला' हे निदान नव्हे. पेरणीला जसा वापसा लागतो, तसा भाषेलाही असतो. पहिली तीन वर्षे फार मोलाची. तज्ज्ञ तर सांगतात, जन्मल्यावर महिन्याच्या आत कानाची चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावा.

कुणाकडेही नेण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमचा नोंदणी क्रमांक काय? निदान कुणी केले, त्याचा कागद कुठे? तुमच्यावर देखरेख कुणाची? ज्याच्याकडे खरे उत्तर आहे तो रागावत नाही. नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. घरात मोबाइल वापरणारे पोरगे असेल तर दोन मिनिटांचे काम आहे.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) माझी हात जोडून विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. कित्येक ठिकाणी वर्षअखेरीला त्याचे काय करायचे हा प्रश्न पडतो आणि एकसारख्या वस्तू वाटून तो संपवला जातो. गावात एखादे लेकरू उपचाराला जात असेल, तर त्याच्या यंत्राच्या बॅटरीला, येण्याजाण्याला या निधीतून काय मदत नियमात बसते, ते ग्रामसभेत विचारा आणि ठरावात घ्या. अंगणवाडी सेविकेकडून न बोलणाऱ्या मुलांची यादी घ्या. आणि बारावी विज्ञान झालेली, घरी बसलेली एखादी हुशार मुलगी गावात असेल, तर तिला या पदविकेची माहिती द्या. नर्सिंग आणि डी.एड. एवढ्याच दोन वाटा मुलींना आहेत असे समजू नका.

परवा त्या जुन्या रस्त्याने गेलो. 'वाचा उपचार केंद्रा'ची पाटी अजून तिथेच आहे. रंग नवीन दिला आहे. मी या खेपेला गाडी थांबवली, आत गेलो आणि नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर मिळाले नाही. बाहेर बाकावर एक आई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी जिल्हा रुग्णालयाचा पत्ता आणि तपासणीचा वार कागदावर लिहून दिला. माझ्या पदाला तेवढाच अधिकार आहे, पण तेवढा तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच आहे.